‘पाठ छान झाला’ याच्या पुढे काय लिहायचं?

पत्र : करवीर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी माझ्याकडे आहेत. पट २७, त्यात तिसरीत १५ आणि चौथीत १२. नोकरीला सहा वर्षं झाली. जूनमध्ये शिक्षण परिषदेत ‘शाळा सुटल्यावर रोज आपल्या अध्यापनाचं चिंतन लिहा’ असं सांगितलं. मला ते पटलं. दोनशे पानी वही घेतली, तीन आठवडे लिहिलं. आता उलटून बघते तर रोज तेच : ‘आज वजाबाकी घेतली. मुलांनी आनंदाने सहभाग घेतला. काही मुलांना समजले नाही, पुन्हा घेणे.’ पुन्हा घेतलं, तरी ५२ − २७ चं उत्तर अर्धा वर्ग ३५ च काढतो. बोलणारी मुलं तीच पाच-सहा. टाचण (रोजच्या पाठाच्या तयारीची नोंद), पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती यांत ही आणखी एक वही कशाला, म्हणून लिहिणं थांबलं. पण घरी जाताना रुखरुख लागते, की आज कुणाच्या पदरात काही पडलं का? लिहावं का? लिहायचं तर काय, कधी, किती? आणि त्याच वहीत पुढे लिहू की नवी घेऊ? — एक शिक्षिका, करवीर

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यांत कामाची गोष्ट म्हणजे ३५ हा आकडा. तुम्ही उतरवलेल्या वहीतल्या वाक्यांत तो कुठेच नाही, पत्रात मात्र आला. वहीत जे उतरायला हवं होतं, ते तुम्ही इथे लिहिलंत.

वहीतली वाक्यं पुन्हा वाचा. ‘मुलांनी सहभाग घेतला.’ किती मुलांनी? ‘काही मुलांना समजले नाही.’ कोणाला, आणि त्यांनी काय लिहिलं? ही भाषा तपासणीची आहे. टाचण वरिष्ठ बघतात, शेरेबुकात वरिष्ठ लिहितात, त्यामुळे शाळेत पेन हातात धरलं की तीच वाक्यं उतरू लागतात. चिंतनाची वही कुणाला दाखवायची नाही, हे आधी ठरवून टाका. तिच्यावर सही-शिक्का नको, शाळेचं नाव नको. मुलांची नावंही नकोत, हजेरी क्रमांक पुरतात. तिच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, कौतुक होणार असलं तरी नाही. दुसरं कुणी वाचणार आहे असं मनात आलं की हात पुन्हा ‘आनंदाने सहभाग’कडे वळतो.

तेव्हा लिहावं का, याचं उत्तर हो. फक्त तुम्ही काय केलंत ते टाचणात असतंच. इथे मुलाने काय केलं ते लिहायचं, त्याच्याच आकड्यांत, त्याच्याच शब्दांत.

आता ते ३५. हे उत्तर दोन वाटांनी येतं. एक मूल एककात बघतं, २ मधून ७ जात नाहीत. मग ते उलटं करतं, ७ मधून २ काढून ५ लिहितं. दशकात ५ मधून २ गेले, राहिले ३. दुसरं मूल हातचा नीट घेतं, १२ मधून ७ काढून ५ लिहितं, पण दशकातला ५ खोडून ४ करायचं राहून जातं. ५ मधून २ गेले, राहिले ३. दोघांचं उत्तर ३५. पहिल्याला हातच्याची कल्पनाच आलेली नाही. दुसऱ्याला ती आली आहे, त्याची एक पायरी गळते आहे. तुम्ही तीन आठवडे दोघांना एकच उजळणी दिलीत. तुमच्या शिकवण्यापेक्षा इथे दोष निवडलेल्या गणिताचा आहे. एककांतल्या अंकांचा फरक ५ असला की या दोन चुका एकमेकींच्या आड लपतात. ५३ − २८, ६१ − ३६, ७४ − ४९ ही गणितंसुद्धा अशीच फसवी आहेत.

त्याऐवजी ५३ − २७ द्या. बरोबर उत्तर २६. उलटं वजा करणाऱ्याचं येईल ३४. दशक कमी करायला विसरणाऱ्याचं ३६. ‘३ मधून ७ जात नाहीत म्हणजे काही उरत नाही’ असं समजून एककात शून्य मांडणाऱ्याचं ३०. चिन्ह न बघता बेरीज करणाऱ्याचं ८०. प्रत्येक चुकीला तिचा वेगळा आकडा आहे, त्यामुळे उत्तर बघितलं की मूल कुठे अडलं याचा अंदाज येतो. शेजाऱ्याचं बघून लिहिण्याची सवय असेल तर एकाआड एक मुलाला ७३ − २७ द्या. तिथे हीच उत्तरं ४६, ५४, ५६, ५० आणि १०० अशी येतात.

गणित फळ्यावर लिहूनच द्यायचं, तोंडी नाही. मराठीत ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी कानावर पडतात आणि पन्नास नंतर. ऐकलेल्या क्रमाने लिहिणारं मूल ३५ लिहितं, ‘सत्तावीस’चे ७२ करतं. ‘एकोणसाठ’ ऐकून ६९ लिहिणारी मुलं तिसरीतही असतात, कारण साठ ऐकू आलेलं असतं आणि ‘एकोण’मध्ये नऊ असतो एवढंच लक्षात राहिलेलं असतं. ही अडचण संख्या ऐकून लिहिण्याची आहे, तिची वजाबाकीशी गल्लत करू नका. तिच्यासाठी एक वेगळा दिवस ठेवा. दहा संख्या सावकाश सांगा, त्यांतल्या चार ‘एकोण’च्या असू द्या, आणि पाटीवर लिहून घ्या.

मुलांनी हे गणित कागदाच्या चिठ्ठीवर सोडवून द्यायचं. ती कशी घ्यायची ते सांगतो. गणिताच्या तासिकेची शेवटची पाच मिनिटं. पाठकोऱ्या कागदांचे प्रत्येकी चार तुकडे केले की तिसरीला चार कागद पुरतात. तुकड्यावर हजेरी क्रमांक आणि एकच गणित. खोडरबर बंद. चुकलं तर एक आडवी रेघ मारून खाली लिहायचं, कारण खोडण्याआधी मुलाने काय लिहिलं होतं तेच आपल्याला हवं असतं. ‘ही परीक्षा नाही, गुण नाहीत’ असं एकदा सांगून मग खरोखरच गुण देऊ नका, लाल पेनही लावू नका. मुलं बाहेर पडली की टेबलावर उत्तरांप्रमाणे ढीग करा. पंधरा तुकड्यांना तीन-चार मिनिटं लागतात. मग वहीच्या डाव्या पानावर एवढंच :

‘सोमवार. तिसरी, हजर १४. ५३ − २७. २६ : ५ मुलं. ३६ : ४ (क्र. ३, ७, ८, १२). ३४ : ३ (क्र. २, १०, १५). ३० : १ (क्र. ६). कोरं : १ (क्र. ११).’

आणि उजव्या पानावर :

‘३६ वाले काड्या बरोबर मांडतात, कागदावर विसरतात असं वाटतं. उद्या पहिली १५ मिनिटं या चौघांबरोबर खाली बसणे. ११ ला वेळ कमी पडला का, विचारणे.’

संपलं. डाव्या पानावर फक्त पाहिलेलं आणि मोजलेलं. ‘छान’, ‘कच्चा’, ‘आळशी’, ‘हुशार’ असा एकही शब्द तिथे येऊ द्यायचा नाही. उजव्या पानावर तुमचा अंदाज आणि उद्याची एक कृती. अंदाज चुकला तरी बिघडत नाही, दोन दिवसांनी डावं पानच ते सांगतं. दोन्ही एकाच पानावर आली की मात्र अंदाज पाहिलेल्या गोष्टीच्या थाटात मिरवू लागतो. ‘क्र. ६ चं लक्ष नव्हतं’ हा अंदाज झाला. ‘क्र. ६ ने ३० लिहिलं’ हे पाहिलेलं झालं.

उद्याची कृती काय असावी, यावर थोडं थांबू, कारण ‘पुन्हा घेणे’ इथेच सगळं वाया जातं. ३४ वाल्या मुलांच्या डोक्यात ‘मोठ्यातून लहान काढायचं’ हे वाक्य पक्कं बसलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा पहिलीत आपणच दिलेलं असतं. त्यांना फळ्यावरचा हातचा दहा वेळा दाखवून फरक पडत नाही. त्यांच्या हातात काड्या हव्यात. खराट्याच्या काड्या बोटभर लांबीच्या कापून घ्या. दोघांत मिळून दहा-दहाचे ६ गठ्ठे आणि ९ सुट्या एवढ्या पुरतात. सात जोड्यांना मिळून ४८३ काड्या आणि ४२ रबर लागतात, म्हणजे पाचशे काड्या आणि पन्नास रबर धरून चाला. गठ्ठे मुलांकडूनच बांधून घ्या. स्वतः मोजून बांधलेला गठ्ठा दहाचाच आहे याची त्यांना खात्री असते, आयता दिलेला ती पुन्हा सोडून मोजत बसतात.

मग ५३ मांडायला सांगा. ५३ च. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे ५३ आणि २७ दोन्ही बाकावर मांडणं. दोन ढीग दिसले की मूल त्यांची तुलना करतं किंवा एकत्र करतं, काढून टाकत नाही. सत्तावीस काड्या मुळात त्या त्रेपन्नातच आहेत, त्या बाहेर काढून तुमच्या हातात द्यायच्या आहेत. ‘मला आधी ७ सुट्या दे.’ मुलाकडे ३ च आहेत. इथे गप्प बसा. बरीच मुलं आपणहून एका गठ्ठ्याचं रबर काढतात. जे काढणार नाही त्याला विचारा, ‘तुझ्याकडे एकूण ७ काड्या नाहीतच का?’ रबर मुलानेच काढायचं. आता ४ गठ्ठे, १३ सुट्या. ७ दिल्या, ६ उरल्या. मग २ गठ्ठे दिले, २ उरले.

३६ वाल्यांचा गुंता वेगळा. त्यांना काड्या येतात आणि कागद येत नाही, कारण आपण आधी सगळ्या काड्या करून घेतो आणि मग ‘आता वहीत लिहा’ म्हणतो. त्यांच्या दृष्टीने ती दोन वेगळी कामं होतात. त्यांच्यासाठी पाटी काड्यांच्या शेजारीच ठेवा आणि हाताची एक हालचाल झाली की पाटीवर एक खूण, असं बांधून घ्या. रबर निघालं की लगेच दशकातला ५ खोडून वर ४. सुट्यांत दहा मिसळल्या की लगेच एककावर १३. ७ दिल्या की लगेच खाली ६. पाटी पुढे गेली आणि काड्या मागे राहिल्या, की थांबवा. आणखी एक : ‘शेजारच्याकडून उसना घेतला’ हे म्हणणं मी तरी सोडून द्या असंच म्हणेन. उसनं परत करायचं असतं, इथे काहीच परत जात नाही, आणि शेजाऱ्याचं कमी झालं हे त्या शब्दात दिसत नाही. ‘दशक मोडला, सुटे केले’ म्हणा. पाचशेची नोट मोडली की ती आपल्याकडे राहत नाही, हे तिसरीतल्या मुलाला ठाऊक असतं.

खेळातल्या नोटा काड्यांच्या नंतर आणा, आधी नाही. गठ्ठा सोडला की आतले दहा दिसतात. दहाची नोट सोडता येत नाही, ती ‘बँकेत’ देऊन दहा नाणी घ्यावी लागतात, म्हणजे दहा आत आहेत हे मनात धरावं लागतं. ही एक पायरी वरची आहे. तीन-चार दिवसांनी पुन्हा चिठ्ठी घ्या, ९१ − ३४ ची. ५७ बरोबर. ६३ किंवा ६७ आलं तर जुनीच चूक अजून आहे. डाव्या पानावर मागच्या नोंदीच्या शेजारी आजचे आकडे लिहा. ‘३६ : ४’ होते त्यांच्यापैकी आता किती उरले, याहून चांगलं उत्तर तुमच्या रुखरुखीला मिळणार नाही.

चौथीसाठी हेच काम ३०२ − १४८ करतं. बरोबर १५४. २४६ आलं तर उलटी वजाबाकी तिथवर टिकून आहे. २५४ आलं तर शून्याचे नऊ झाले पण शतक कमी झालं नाही. १४४ आलं तर शतक मोडून थेट एककाला दिला आणि दशकात शून्यातून ४ जात नाहीत म्हणून ४ तसेच उतरवले. मधल्या शून्याशी अडखळणाऱ्या मुलांना आधी शंभर-शंभर रुपयांच्या तीन नोटांचे दहा-दहाचे आणि मग एक-एकचे सुटे करायला लावा.

आता तुमच्या पाच-सहा बोलणाऱ्या मुलांविषयी. अमेरिकेतल्या विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकून दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा अधिक थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात, वर्गात उभं राहून फार लांब वाटतात. तुमचा स्वतःचा आकडा काढा. मोबाइल खिडकीत ठेवून दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण करा, घरी ऐका, प्रश्न किती आणि प्रत्येकानंतर किती थांबलात ते डाव्या पानावर लिहा, आणि फाइल पुसून टाका. द्विशिक्षकी शाळेत दुसऱ्या शिक्षकाला तुमच्या वर्गात येऊन बसायला सवड कुठून मिळणार? तेव्हा हाच मार्ग.

त्या दहा मिनिटांत ‘समजलं का?’ किती वेळा आलं तेही मोजा. त्याला सगळा वर्ग ‘होऽऽ’ म्हणतो आणि त्या ‘हो’मध्ये काहीच नसतं. ‘कोण सांगेल?’ याच्याऐवजी ‘सगळ्यांनी पाटीवर लिहा, मी म्हटल्यावर वर धरा’ म्हणा. सत्तावीस पाट्या एका नजरेत येतात आणि पटकन हात वर करणाऱ्यांची मक्तेदारी त्याच दिवशी मोडते. पाटीसारखं साधन नाही, ती गुंडाळून ठेवू नका.

गप्प मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कोल्हापुरी वर्गांत जपायला लागते. परिसर अभ्यासाच्या तासाला मुलगी ‘बाई, मी बघिटलो, पानी आटलं न्हवं’ असं सांगत असते आणि आपण मध्येच ‘बघितलं, पाणी’ असं दुरुस्त करतो. ती बाष्पीभवनाबद्दल बरोबर बोलत होती. दुरुस्तीनंतर ती गप्प होते आणि बाष्पीभवन तिथेच राहतं. घरची बोली बोलणं हा दोष नाही. त्या तासाला आशय घ्या, तिचं वाक्य पुढे नेताना तुम्ही सहज ‘पाणी आटलं, बरोबर’ म्हणा, आणि प्रमाण रूपांचा सराव मराठीच्या तासाला ठेवा. कुणाला मध्ये तोडलं, ते वहीत लिहायची सवय लावून बघा. हळूहळू ते कमी होतं, कारण लिहावं लागणार हे तोंड उघडतानाच आठवतं.

कधी लिहायचं? रात्री नाही. रात्रीपर्यंत आकडे विरतात आणि फक्त ‘आज गोंधळ झाला’ एवढं उरतं. मधल्या सुट्टीत तुम्ही खिचडी वाढण्याकडे बघत असता, तेव्हाही नाही. शाळा सुटल्यावर कुलूप लावण्याआधी सात मिनिटं, टेबलावर चिठ्ठ्या असतानाच. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाच्या आठवड्याला किमान ४५ तास धरले आहेत आणि त्यांत पूर्वतयारीचे तास धरलेले आहेत. उद्याच्या पहिल्या पंधरा मिनिटांचं ठरवणं ही पूर्वतयारीच आहे. ती घरच्या वेळेतून काढू नका.

किती लिहायचं? दिवसाला एका वर्गाच्या एका तासिकेबद्दल सहा-सात ओळी, आणि सलग दोन आठवडे एकच विषय. सोमवारी गणित, मंगळवारी भाषा, बुधवारी इंग्रजी असं फिरवत राहिलात तर कुठल्याच मुलाचं कालचं आणि आजचं शेजारी येत नाही. एखाद्या दिवशी जमलं नाही तर सोडून द्या, मागच्या तारखेच्या नोंदी बसून भरू नका. त्या खोट्या असतात आणि वहीवरचा तुमचाच विश्वास उडतो.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मात्र वीस मिनिटं द्या. आठवड्याची डावी पानं सलग वाचा. वहीच्या शेवटच्या पानावर तिसरीचे १ ते १५ आणि चौथीचे १ ते १२ क्रमांक लिहून ठेवा आणि या आठवड्यात ज्याची दखल पानांत आली त्यापुढे एक खूण करा. दोन आठवड्यांनी ज्याच्यापुढे एकही खूण नाही, ती मुलं शोधा. ती बहुधा हुशार नसतात, कच्चीही नसतात, दंगाही करत नाहीत. गृहपाठ बऱ्यापैकी असतो. त्यांच्याकडे आपलं लक्ष जावं असं ती काही करतच नाहीत. मूल शाळेत यावं म्हणून शाहू महाराजांच्या या संस्थानात १९१७ सालीच प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. आलेलं मूल पंधरा दिवस आपल्या नजरेला पडू नये, हे मला फार लागतं. सोमवारी त्यांच्यापैकी दोघांच्या शेजारी जाऊन बसा, एवढंच पुरे.

वर्ग हातातून सुटतो तेव्हाची नोंदही ठेवा, पण वेळेसह. ‘आज फार गोंधळ’ असं लिहून काही हाती लागत नाही. ‘२.२०, तिसरीबरोबर काड्या चालू, चौथीचा गलका’ यातून लागतं. अशा चार नोंदी जमल्या की बहुधा दिसतं, की गलका तुम्ही दुसऱ्या वर्गाला काम देऊन वळल्यानंतर दहा-बारा मिनिटांनी होतो. म्हणजे दिलेलं काम तेवढंच पुरतं. तेव्हा परिपाठाआधीच फळ्याचे दोन भाग करून चौथीचं वीस मिनिटांचं काम डावीकडे लिहून ठेवा, तोंडी सांगू नका. शेवटी ज्यांचं लवकर होईल त्यांच्यासाठी एक कठीण प्रश्न असू द्या. तोंडी सूचना दोन मुलांनी ऐकलेली नसते, ती दोघं उरलेल्या दहांना विचारत फिरतात, आणि गलका तिथून सुरू होतो.

दोन आठवडे वजाबाकी झाली की वाचन घ्या. रोज दोन मुलं, प्रत्येकी एक मिनिट, न पाहिलेला उतारा. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्राच्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचण्याचं उद्दिष्ट आहे, पण नुसता आकडा नोंदवून उद्या काय करायचं ते कळत नाही. छापलेला शब्द वर आणि मुलाने वाचलेला खाली, असं लिहा. ‘दुष्काळ’चं ‘दुकाळ’ झालं, म्हणजे जोडाक्षर गळतं. ‘अंगणात’चं ‘अंगण’, ‘तुळशीपाशी’चं ‘तुळस’ झालं, म्हणजे मूल शब्दाची सुरुवात बघून शेपूट अंदाजाने जोडतं किंवा गाळतं. त्याला प्रत्ययांच्या आणि शब्दयोगी अव्ययांच्या पट्ट्या द्या, ‘तुळशी’ एका कार्डावर आणि ‘-ला, -पाशी, -खाली’ वेगळ्या. घ-ध, भ-म यांत अडखळणं हे तिसरंच काम. घरी कानडी बोलणाऱ्या मुलाने ‘भात’ला ‘बात’ म्हटलं तर आधी ‘भ’ आणि ‘ब’ची कार्डं समोर ठेवून ‘भ दाखव’ म्हणा. बरोबर दाखवलं तर वाचन ठीक आहे, उच्चाराची सवय वेगळी आहे. ‘पाणी’ला ‘पानी’ वाचणाऱ्याचंही तेच. चुकीत मोजू नका.

दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांची मुलं तुमच्या वर्गात आली तर प्रत्येकासाठी एक कोरं पान काढून ठेवा. पहिल्याच दिवशी तीन गोष्टी : ५३ − २७ ची चिठ्ठी, एक मिनिट वाचन, आणि गावाकडच्या शाळेत कोणता धडा चालू होता हे त्याच्याच तोंडून. मार्चमध्ये मूल परत जाईल तेव्हा त्या पानाची स्वच्छ नक्कल त्याच्या पालकांच्या हातात द्या. वही दाखवायची नाही, या नियमाला हा एकच अपवाद.

कागदपत्रांच्या ओझ्याबद्दल म्हणाल तर ही वही एका जागी ओझं कमी करते. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकवता-शिकवता होणाऱ्या मूल्यमापनाच्या, वर्णनात्मक नोंदी लिहिताना सत्राच्या शेवटी तयार वाक्यांच्या याद्या शोधाव्या लागतात आणि सत्तावीस मुलांना ‘गणितात रस घेतो’ लिहावं लागतं. तुमच्याकडे क्र. ७ चं असं असेल : ‘हातच्याची वजाबाकी काड्यांनी बरोबर, कागदावर दशक खोडायला विसरतो (ऑगस्ट). सप्टेंबरअखेर पाचपैकी चार बरोबर.’ शोधायला काही नाही, उतरवायचं फक्त. पालकसभेत त्याच्या आईला सांगायलाही तेच, आणि ती तुमच्यावर विश्वास ठेवेल, कारण हे तिच्याच मुलाबद्दल आहे हे तिला ऐकता क्षणी कळेल.

राहिला वहीचा प्रश्न. तीच वही चालेल. आधीची पानं फाडू नका, एक पान कोरं सोडा, डावीकडे सोमवारची तारीख घाला. चार कागद आत्ताच फाडून दप्तरात ठेवा आणि फळ्यावर ५३ − २७ लिहा.